विषांची साक्ष

ऑस्ट्रियातल्या ग्राझ विद्यापीठात औषधशास्त्र शिकवणाऱ्या ऑटो लोवी यांना झोपेत एक प्रयोग सुचला. मध्यरात्री उठून त्यांनी तो कागदावर खरडला, पण सकाळी स्वतःचेच अक्षर लागेना. दुसऱ्या रात्री तीच कल्पना पुन्हा सुचली, तेव्हा मात्र ते तडक प्रयोगशाळेत गेले आणि बेडकाच्या दोन हृदयांवर प्रयोग करून शरीरातल्या पेशी एकमेकींशी रसायनांमार्फत बोलतात हे त्यांनी सिद्ध केले. विज्ञानाच्या पुस्तकांतून ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली जाते. ती स्वतः लोवींनीच सांगितलेली असल्याने खोटी म्हणण्याचे कारण नाही. पण इतिहास म्हणून ती अपुरी आहे. लोवींचा निबंध १९२१ साली छापून आला आणि नोबेल पारितोषिक मिळाले १९३६ मध्ये, तेही लंडनच्या हेन्री डेल यांच्याबरोबर विभागून. मधली पंधरा वर्षे या गोष्टीतून गळून जातात. स्वप्न पडल्याबरोबर जग पटले असते, तर एवढा काळ लागला नसता. ही वर्षे आणि त्यांच्या मागची-पुढची काही दशके नीट तपासली, तर वेगळेच चित्र दिसते. पेशींचे रासायनिक संभाषण माणसाला उलगडले ते मुख्यतः विषांमुळे. बाणाला लावायचे विष, जादूटोण्याच्या आरोपीला खायला घालायची बी, धान्यावरची बुरशी, मण्यारीच्या जातकुळीतल्या सापाचे गरळ आणि शेवटी आपल्याकडची सर्पगंधेची मुळी, यांनी एकामागून एक साक्ष दिली आणि त्या साक्षींवर हा खटला उभा राहिला.

मूळ प्रश्न असा होता. मज्जातंतूमधून संदेश विजेच्या लहरीसारखा धावतो, हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोजूनमापून ठरले होते. पण तंतू जिथे संपतो आणि स्नायूची पेशी जिथे सुरू होते, तिथे काय घडते? जर्मन शरीरशास्त्रज्ञ एमिल द्यु ब्वा-रेमों यांनी १८७७ मध्ये दोनच पर्याय मांडले : एक तर वीजच पलीकडे उडी मारत असली पाहिजे, किंवा तंतूच्या टोकातून एखादा पदार्थ पाझरत असला पाहिजे. या सांध्यावर काहीतरी निराळे घडते याचा पहिला ठाम पुरावा त्याआधीच पॅरिसमध्ये क्लोद बेर्नार यांनी कुरारेच्या मदतीने दिला होता. दक्षिण अमेरिकेतले आदिवासी शिकारी बाणांच्या टोकांना लावत ते हे विष. ते दिलेल्या बेडकाचा मज्जातंतू शाबूत होता, स्नायूला थेट विजेचा झटका दिला तर तो आखडत होता. फक्त तंतूने दिलेला हुकूम स्नायूपर्यंत पोचत नव्हता. दोन्ही टोके धडधाकट आणि मधली देवाणघेवाण ठप्प. जी जागा त्या काळच्या सूक्ष्मदर्शकांना धड दिसत नव्हती, ती एका विषाने नेमकी दाखवून दिली.

१९०४ आणि १९०५ या दोन वर्षांत केंब्रिजमध्ये या जागेच्या दोन्ही बाजूंविषयी अंदाज बांधले गेले. टॉमस रेंटन एलियट या तरुण संशोधकाने पाहिले, की मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतून काढलेले ॲड्रिनॅलिन टोचले की अनुकंपी मज्जातंतू उद्दीपित केल्यासारखेच परिणाम दिसतात आणि ते तंतू कापून झडून गेल्यावरही दिसतात. मग हे तंतूच आपल्या टोकाशी ॲड्रिनॅलिन सोडत असतील, अशी सूचना त्याने एका छोट्या टिपणात केली. त्याचे गुरू जॉन लँगली यांनी कोंबडीच्या स्नायूवर तंबाखूतले निकोटिन आणि कुरारे ही दोन विषे एकमेकांविरुद्ध वापरली. निकोटिनने स्नायू आखडे, कुरारेने तो आखडणे थांबे आणि मज्जातंतू नष्ट झाल्यावरही हा झगडा चालूच राही. त्यावरून स्नायूच्या पेशीत रसायन ओळखणारा एक 'ग्राही पदार्थ' असला पाहिजे, असे अनुमान त्यांनी काढले. म्हणजे बोलणारा आणि ऐकणारा, दोघांच्याही कल्पना तयार होत्या. तरीही एलियटने पुढच्या वर्षीच्या विस्तृत निबंधात आपली सूचना तितक्या उघडपणे मांडली नाही आणि पुढे तो या विषयापासून दूर गेला. कल्पना असणे आणि तिला पुरावा असणे यांत किती अंतर असते, ते इथे दिसते.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. रासायनिक संदेशाचा पहिला निर्विवाद शोध विषाविनाच लागला होता. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी जानेवारी १९०२ मध्ये लहान आतड्याच्या एका भागाचे सगळे मज्जातंतू तोडले आणि त्यात आम्ल सोडले. तरीही स्वादुपिंडातून पाचकरस वाहू लागला. मग आतड्याचे अस्तर आम्लात खलून, गाळून त्यांनी ते रक्तात टोचले आणि तोच परिणाम मिळाला. पचन सर्वस्वी मज्जातंतूंच्या ताब्यात असते, या इव्हान पाव्हलॉव्ह यांच्या मताला त्यामुळे धक्का बसला. त्या पदार्थाला सिक्रेटिन हे नाव मिळाले आणि १९०५ मध्ये स्टार्लिंग यांनी अशा सगळ्या पदार्थांसाठी हॉर्मोन, म्हणजे आपण ज्याला संप्रेरक म्हणतो तो शब्द वापरला. मग विषांचे एवढे कौतुक कशाला? उत्तर संदेशाच्या आयुष्यात आहे. संप्रेरक रक्तातून सगळ्या शरीरभर फिरते आणि मिनिटेच्या मिनिटे टिकते. ते गोळा करता येते, टोचून पाहता येते. मज्जातंतूच्या टोकाशी सुटणारे रसायन मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाहूनही अरुंद फटीत सुटते आणि सेकंदाच्या काही हजाराव्या भागात नाहीसे होते. जे टिकते ते सरळ सापडते. जे टिकत नाही ते सापडायला त्याच्या वाटेत काहीतरी अडकवावे लागते आणि अडकवण्याचे काम विषे करतात.

हे न समजल्यामुळे १९२१ पूर्वीचे प्रयत्न फसले. वॉल्टर डिक्सन यांनी १९०६च्या सुमारास व्हेगस हा मज्जातंतू उद्दीपित करून थांबवलेल्या कुत्र्याच्या हृदयाचा अर्क काढला. तो बेडकाचे हृदय मंदावतो आणि हा परिणाम ॲट्रोपिनने, म्हणजे धोत्र्यातही असणाऱ्या विषाने पुसला जातो, असे दाखवले. कोणी फारसे मनावर घेतले नाही आणि त्यांनी तो नाद सोडला. डेल यांची गाठ या विषयाशी पडली ती अरगटमुळे. आपल्याकडे बाजरीच्या कणसावर पडते तशी युरोपात राय या धान्यावर पडणारी ही बुरशी, आणि तिच्यातली औषधे शोधण्याचे काम वेलकम यांच्या प्रयोगशाळेने डेल यांच्याकडे सोपवले होते. अरगटच्या एका नमुन्यात त्यांना ॲसिटिलकोलिन सापडले. १९१४ मध्ये त्यांनी दाखवून दिले, की या रसायनाचे परिणाम परानुकंपी मज्जातंतूंच्या परिणामांशी विलक्षण जुळतात आणि झटकन ओसरतात. रक्तातला एखादा विकर ते तोडून टाकत असावा. एवढे जुळत असूनही मज्जातंतू ॲसिटिलकोलिनच सोडतात, असे डेल म्हणाले नाहीत. बुरशीतला पदार्थ शरीरातल्या क्रियेची हुबेहूब नक्कल करतो, एवढ्यावरून तो शरीरात असतो हे ठरत नाही, ही त्यांची अडचण होती आणि ती रास्त होती. शरीरात, म्हणजे घोड्याच्या व बैलाच्या प्लीहेत, ॲसिटिलकोलिन त्यांना व हॅरल्ड डडली यांना सापडले ते १९२९ मध्ये. नकलेवरून अस्सलाचे अस्तित्व ठरवायचे नाही, हे डेल यांचे पथ्य पुढे पुन्हा उपयोगी पडणार आहे.

आता लोवींच्या प्रयोगाकडे वळू. क्षारद्रावणात धडधडणाऱ्या एका बेडकाच्या हृदयाचा व्हेगस त्यांनी उद्दीपित केला, हृदय मंदावले. त्याभोवतालचे द्रावण घेऊन दुसऱ्या हृदयात घातले, तर तेही मंदावले. मज्जातंतूने काहीतरी द्रावणात सोडले होते. प्रयोग सुंदर होता, पण इतरांना तो नेहमी जमत नव्हता. बेडकाच्या व्हेगसमध्ये हृदय मंदावणारे आणि वेगावणारे असे दोन्ही प्रकारचे तंतू असतात. त्यांचे पारडे ऋतूप्रमाणे बदलते. आणि उबदार हवेत सुटलेले रसायन तोडणारा विकर अधिक जोमाने काम करतो. १९२६ मध्ये स्टॉकहोमच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत लोवींना जमलेल्या शास्त्रज्ञांसमोर हा प्रयोग पुन्हा पुन्हा करून दाखवावा लागला. खरा पालट झाला तो त्याच वर्षी, लोवी आणि त्यांचे सहकारी एमिल नाव्राटिल यांनी इसेरिन वापरल्यावर. आजच्या नायजेरियातल्या कॅलाबार भागात जादूटोण्याचा आरोप असलेल्याला एक विषारी बी खायला घालून दिव्य करायला लावत. वाचला तो निर्दोष. त्या बीमधले विष म्हणजे इसेरिन. लोवी-नाव्राटिल यांना आढळले, की हृदय मंदावणाऱ्या रसायनाचा नाश करणाऱ्या विकराला हे विष निकामी करते. वाचून होताच चिठ्ठी फाडून टाकणाऱ्या माणसाचा हात धरावा, तसे हे झाले. चिठ्ठ्या साठू लागल्या आणि मोजता येऊ लागल्या. स्वप्नाने प्रयोग सुचवला असेल. तो कोणालाही, कधीही करून पाहता येईल असा पुरावा बनला तो या बीमुळे.

हाच हात धरण्याची कला लंडनला पोचली ती एका अन्यायामुळे. विल्हेल्म फेल्डबर्ग या तरुण ज्यू शास्त्रज्ञाला एप्रिल १९३३ मध्ये नाझींच्या नव्या कायद्यान्वये बर्लिनच्या संस्थेतून काढून टाकले. डेल यांनी त्याला हॅम्पस्टेडच्या आपल्या संस्थेत बोलावून घेतले. फेल्डबर्गने सोबत आणली ती जळवेची युक्ती. इसेरिनमध्ये भिजवलेला जळवेच्या पाठीचा स्नायू ॲसिटिलकोलिनच्या अतिसूक्ष्म मात्रेनेही आखडतो. प्राण्याच्या रक्तात इसेरिन घालायचे, एखादा मज्जातंतू उद्दीपित करायचा आणि त्या अवयवातून बाहेर पडणारे रक्त जळवेच्या स्नायूवर सोडायचे, अशी ही रीत होती. तीन वर्षांत डेल, फेल्डबर्ग, जॉन गॅडम आणि जर्मनी सोडून आलेल्या मार्थे फोग्ट यांनी जठरापासून घामाच्या ग्रंथींपर्यंत आणि मज्जागंडिकांपासून हातापायांच्या ऐच्छिक स्नायूंपर्यंत ॲसिटिलकोलिन सुटल्याचे दाखवले. १९३४ मध्ये ग्रीनिचच्या एका सार्वजनिक रुग्णालयातल्या डॉक्टर मेरी वॉकर यांनी आणखी एक धागा जोडला. पापण्या मिटत जाणे, स्नायू झटकन थकणे अशी लक्षणे असलेला मायस्थेनिया ग्रेव्हिस हा आजार कुरारेच्या विषबाधेसारखा दिसतो. मग कुरारेचा उतारा असलेले इसेरिनच देऊन पाहावे, असा त्यांचा तर्क होता. रुग्णाची शक्ती काही तासांपुरती परत आली. एका विषाची खूण दुसऱ्या विषाने पुसली गेली आणि ती माणसाच्या शरीरात.

तरीही विरोध मावळला नाही. ऑक्सफर्डचे जॉन एकल्स हे विरोधकांचे म्होरके. रसायनवाल्यांना 'सूप'वाले आणि वीजवाल्यांना 'ठिणगी'वाले म्हणायची तेव्हाच्या वर्तुळात प्रथा पडली होती. एकल्स यांचे दोन आक्षेप होते. पहिला वेगाचा : हृदय मंदावायला सेकंद लागतात, तिथे रसायन ठीक आहे, पण स्नायूला हुकूम सेकंदाच्या हजाराव्या भागात पोचतो, एवढ्या वेळात रसायन सुटणार कधी आणि पसरणार कधी? दुसरा आक्षेप थेट विषांवर होता : ॲसिटिलकोलिन सापडते ते इसेरिन घातल्यावरच, मग जे सापडते ती शरीराची नेहमीची क्रिया की विषाने निर्माण केलेला आभास? माझ्या मांडणीच्या मर्मावर घाव घालणारा हा प्रश्न आहे. त्याचे उत्तर एकल्स यांच्याच हातून मिळाले, ही या इतिहासातली मोठी गोष्ट. पुढे ते सिडनीला गेले, तिथे त्यांच्याबरोबर लाइपझिगहून परागंदा झालेले बर्नार्ड कॅट्झ आणि व्हिएन्नाहून आलेले स्टीफन कुफ्लर होते. तिघांनी स्नायूच्या सांध्यावरचा विद्युत्दाब थेट मोजला. कुरारेने तो दाब घटतो आणि इसेरिनने तो लांबतो, हे १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांना दिसले. दोन विषांनी एकाच घटनेला दोन विरुद्ध दिशांना ढकलले आणि दोन्ही वेळा ती रसायनाच्या सिद्धांताने सांगितलेल्या दिशेलाच गेली. नुसत्या आभासाच्या बाबतीत असे घडत नाही. पुढे लंडनमध्ये पॉल फॅट आणि कॅट्झ यांना स्नायूच्या सांध्यावर कोणी हुकूम न देताही उमटणारे चिमुकले ठोके सापडले; रसायन ठरावीक पुड्यांमध्ये सुटते, हे त्यावरून कळले. ते ठोकेही कुरारेने दबले आणि इसेरिनच्या जातीच्या औषधाने मोठे झाले.

एकल्स यांनी स्नायूंपुरती माघार घेतली, पण मेंदू आणि मेरुरज्जू यांत वीजच चालते हा आग्रह सोडला नाही. न्यूझीलंडमध्ये त्यांची भेट तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांच्याशी झाली. आपले मत इतके नेमके मांडा की प्रयोगाने ते खोटे पाडता येईल, असा पॉपर यांचा सल्ला होता. एकल्स यांनी तो शब्दशः पाळला आणि ऑगस्ट १९५१ मध्ये ड्यूनेडिन इथे मांजराच्या मेरुरज्जूतल्या एकेका चेतापेशीत बारीक काचेचा इलेक्ट्रोड खुपसून स्वतःचेच मत खोटे पाडले. पेशीला रोखणारा संदेश आला की तिचा विद्युत्दाब विजेच्या सिद्धांताने सांगितलेल्या दिशेच्या नेमका उलट वळत होता. इथे विषांचा पक्ष घेणाऱ्याने एक गोष्ट मोकळेपणी मान्य करायला हवी : या निकालात विषाचा हात नव्हता, इलेक्ट्रोडचा होता. पण इलेक्ट्रोडने सांगितले ते एवढेच की ही वीज नव्हे. मग कोणते रसायन, हे त्याला सांगता येत नव्हते. त्यासाठी एकल्स पुन्हा वनस्पतींकडेच गेले. आपल्या काजऱ्याच्या बियांत असणाऱ्या स्ट्रिक्निनने मेरुरज्जूतला रोखणारा संदेश बंद पडतो, हे त्यांच्या गटाने दाखवले. पांगाऱ्याच्या प्रजातीतल्या झाडांपासून मिळवलेल्या एका औषधाने मेरुरज्जूतल्या विशिष्ट पेशींची उत्तेजना दबते, हे १९५४ मध्ये दाखवले आणि त्या सांध्यावर ॲसिटिलकोलिनच काम करते हे त्यातून पुढे आले. ठिणगीवाल्यांचे मतही पूर्णपणे खोटे नव्हते, हेही नोंदवायला हवे. १९५९ मध्ये एडविन फर्शपान आणि डेव्हिड पॉटर यांनी खेकड्याच्या वर्गातल्या क्रेफिशमध्ये सरळ विजेने चालणारा सांधा दाखवला आणि असे सांधे पुढे इतर प्राण्यांतही सापडले. निसर्गाने दोन्ही मार्ग ठेवले आहेत. मात्र त्यांतला रासायनिक मार्गच जास्त वापरात आहे.

लँगली यांचा 'ग्राही पदार्थ' तेवढा राहिला होता. एखादी गोष्ट असली पाहिजे असे मानणे वेगळे आणि ती बाटलीत भरून दाखवणे वेगळे. तैवानमध्ये चँग आणि ली या शास्त्रज्ञांनी १९६३ मध्ये तिथल्या मण्यारीच्या गरळातून एक प्रथिन वेगळे केले. ते स्नायूवरच्या ॲसिटिलकोलिनच्या ग्राहीला असे चिकटते की सुटतच नाही. मण्यार चावल्यावर श्वासाचे स्नायू लुळे पडून माणूस दगावतो, त्यामागे अशीही एक यंत्रणा असते. पॅरिसमध्ये झां-पियेर शांजो आणि ली यांनी १९७० मध्ये हे गरळ खूण म्हणून वापरले आणि इलेक्ट्रिक ईल या माशाच्या वीज निर्माण करणाऱ्या अवयवातून तो ग्राही बाहेर काढला. केंब्रिजच्या तर्काला पासष्ट वर्षांनी देह मिळाला. बोलणारा, मधला शब्द, तो शब्द पुसणारा विकर आणि ऐकणारा असे या संभाषणाचे चार घटक धरले, तर त्यांतला एकही विषाच्या मदतीशिवाय ओळखला गेलेला नाही.

मेंदूच्या बाबतीत मात्र ही साखळी आपल्या अंगणातून जाते. सर्पगंधेची मुळी वैद्य कित्येक पिढ्या वेड, निद्रानाश आणि सर्पदंशावर देत आले. १९३१ मध्ये कोलकात्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद आणि वाढलेला रक्तदाब या दोन्हींवर तिचा गुण नोंदवला. त्याच वर्षी दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुझ्झमान सिद्दीकी यांनी तिच्यातली अल्कलॉइडे वेगळी केली. पण पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष वेधले ते मुंबईने. के.ई.एम. रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवर सर्पगंधा वापरून त्याचे मोजलेले आकडे १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापले. बोस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी ते वाचून औषध आपल्याकडे वापरून पाहिले. १९५२ मध्ये बाझेलच्या सिबा कंपनीने त्यातले मुख्य द्रव्य, रेझर्पिन, वेगळे केले. १९५४ मध्ये नेथन क्लाइन यांनी न्यूयॉर्कजवळच्या मनोरुग्णालयात त्याचे परिणाम नोंदवले आणि मनोविकारांच्या औषधोपचाराला नवी दिशा मिळाली. १९५७ चा लास्कर पुरस्कार वकील आणि क्लाइन या दोघांनाही मिळाला. इथपर्यंत ही एका औषधाची कथा आहे. पेशींच्या संभाषणाच्या इतिहासात तिचे स्थान याच्या पुढे सुरू होते.

अमेरिकेतल्या बेथेस्डा इथे बर्नार्ड ब्रोडी यांच्या प्रयोगशाळेला १९५५ मध्ये आढळले, की रेझर्पिन दिल्यावर मेंदूतले सिरोटोनिन जवळजवळ रिते होते. एखादे औषध मनावर परिणाम करते आणि मेंदूतल्या एका ठरावीक रसायनाचा साठाही उपसते, असा संबंध मोजून पहिल्यांदाच दिसत होता. तिथे काही महिने काम करून स्वीडनला परतलेले आर्विद कार्लसन यांनी लुंड इथे उलटा प्रश्न विचारला : उपसलेले परत भरले तर? रेझर्पिन दिलेले ससे कान पाडून निश्चल पडत. त्यांना १९५७ मध्ये डोपा हे द्रव्य टोचल्यावर थोड्याच वेळात ते कान ताठ करून हिंडू लागले. डोपापासून शरीर नॉरॲड्रिनॅलिन बनवते, म्हणून तेच भरून आले असेल अशी अपेक्षा होती. मोजले तर ते रितेच होते. भरले होते ते डोपामिन, ज्याला तोवर नुसता वाटेवरचा टप्पा समजत. १९६० मध्ये लंडनच्या एका परिसंवादात कार्लसन यांनी हे मांडले, तेव्हा डेल, गॅडम आणि फोग्ट या 'सूप'वाल्या ज्येष्ठांनीच शंका घेतल्या. आपल्याच बंडाची पुढची पायरी त्यांना पटेना. पण नकलेवरून अस्सल ठरवू नये, या डेल यांच्या जुन्या पथ्याशी ते सुसंगतच होते. शंका मिटली ती दुसऱ्या दिशेने आलेल्या पुराव्यामुळे. व्हिएन्नामध्ये ओलेह हॉर्निकीविच यांनी त्याच वर्षी कंपवाताने मृत्यू पावलेल्या रुग्णांच्या मेंदूंत डोपामिन कमालीचे घटलेले दाखवले. १९६१ मध्ये रुग्णांना एल-डोपा टोचून पाहिले गेले, १९६७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कोट्झियस यांनी डोपा तोंडाने मोठ्या मात्रेत देण्याची रीत बसवली आणि २००० साली कार्लसन यांना नोबेल मिळाले.

हे वाचून दोन प्रतिक्रिया आपल्याकडे हमखास उमटतात. एक, हे सगळे आपल्या वैद्यकाला आधीच ठाऊक होते. दुसरी, झाडपाला कोणाच्याही परसात असतो, खरे श्रेय प्रयोगशाळेचे. दोन्ही पुराव्यावर टिकत नाहीत. खाजकुयलीच्या बियांतून एल-डोपा १९३७ मध्येच मद्रासमध्ये वेगळे केले गेले होते. द्रव्य हातात होते, पण ते कंपवाताच्या रुग्णाला का द्यावे हे वीस वर्षे जगात कोणालाच सांगता येत नव्हते, कारण डोपामिनचे कामच माहीत नव्हते. म्हणजे वनस्पती हातात असणे आणि तिने मेंदूत काय केले ते कळणे या निराळ्या गोष्टी आहेत. उलट बाजूने, हजारो वनस्पतींतून सर्पगंधाच प्रयोगशाळेच्या टेबलावर आली, ती वैद्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीमुळे. आणि वैद्यांची निवड जगाला वाचता आली ती वकील यांनी रक्तदाब मोजून, दुष्परिणामांसह नोंदवून ती मांडल्यामुळे. कुरारे आणि कॅलाबारची बी यांच्या बाबतीतही हेच. निवड शिकाऱ्यांची आणि गावकऱ्यांची, अर्थ लावणे प्रयोगशाळेचे. त्या निवडणाऱ्यांची नावे मात्र कोणत्याही निबंधावर नाहीत, हे नोंदवणे इतिहासकाराचे काम आहे.

विषांच्या साक्षीला मर्यादाही आहे आणि तीही रेझर्पिननेच दाखवून दिली. ते घेणारे काही रुग्ण खिन्न होत, अशा नोंदी आल्या. त्यावरून मेंदूतली ही रसायने घटली की नैराश्य येते, असा सिद्धांत १९६०च्या दशकात उभा राहिला आणि तो लोकांच्या बोलण्यातही उतरला. पण १९५५ मध्येच लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात डेव्हिड डेव्हिस आणि मायकेल शेपर्ड यांनी चिंताग्रस्त व खिन्न रुग्णांवर रेझर्पिनची रीतसर चाचणी घेतली होती आणि तीत रुग्णांना उलट बरे वाटले होते. ती चाचणी जवळजवळ विसरली गेली. कंपवातात जो तर्क खरा ठरला, तोच नैराश्यात तितका का टिकला नाही, याचे कारण स्पष्ट आहे. कंपवातात विषाने बोट दाखवले आणि मग रुग्णांच्या मेंदूंत ती उणीव स्वतंत्रपणे मोजली गेली. नैराश्यात बोट दाखवण्यावरच निकाल लावला गेला. विष संदेश कुठे अडतो ते सांगते. आजार का होतो ते सांगत नाही. अरगटमध्ये ॲसिटिलकोलिन सापडल्यावर डेल पंधरा वर्षे थांबले ते याच फरकासाठी. पेशींच्या भाषेविषयी आज जे ठामपणे म्हणता येते ते विषांच्या साक्षीमुळे म्हणता येते, आणि ते ठाम आहे याचे कारण असे की त्या साक्षीला जिथे दुसरा साक्षीदार मिळाला, तिथेच ती टिकली.